पाण्याचा दिवस सोडून

मी सोलापूर सोडलं त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. आमच्या शुक्रवार पेठेत ते रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी एकदा येतं, आणि आलं की घरातलं बाकी सगळं थांबतं. आण्णा माझी बॅग घेऊन रिक्षापाशी उभे होते, आई हातात पाईप धरून दारात. "पोचलीस की फोन कर. मी काय येत न्हाय आता स्टेशनवर, पिंप भरायलंय," म्हणाली. पुण्यापर्यंत माझ्या डोक्यात एकच: मुलगी पहिल्यांदा घर सोडून चाललीय आणि हिला पिंपाचं पडलंय!

याला बारा वर्षं झाली. मी कुणापाशी बोलले नाही, पण विसरलेही नाही.

पुण्यातल्या फ्लॅटला चोवीस तास पाणी. तरी पहिलं वर्षभर मी झोपायच्या आधी दोन बादल्या भरून ठेवायचे आणि रूममेट हसायची. पुढे ती सवय गेली. सॉफ्टवेअरच्या नोकरीतल्या स्प्रिंट, रिलीज, क्लायंट कॉल यांत दिवस जाऊ लागले आणि घर दिवाळीतल्या चार दिवसांपुरतं उरलं. तुमच्यातले जे माझ्यासारखे गेलेत त्यांना हे सांगायला नको, आणि जे मागं राहिलेत त्यांनी ते मोजलेलंच आहे.

मग नवी ऑफर आली. पगार आत्तापेक्षा चौथाईनं कमी, पण पुण्याच्या ऑफिसला महिन्यातून दोनच दिवस, बाकी काम कुठूनही करा. मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं. आण्णांनी जन्मभर शाळेत कारकुनी केली. ते फोनवर म्हणाले, "पगार वाढवून घेत्यात गं लोक. तू उलटी कुटं निगालीस?" आई फोनवर आली ती ऑफर सोडून पाण्याचंच बोलली. आणि मला तर तिचंच ऐकायचं होतं. कमी पगारात भागेल की नाही हा हिशोब मला जमतो. पण ज्या दोघांनी बारा वर्षं माझ्यावाचून आपल्या दिवसांची घडी बसवली, त्यांना मी रोज घरात हवी आहे का, हे कसं कळावं? विचारलं तर आई "ये की" म्हणणारच. म्हणून ऑफर हातात धरून, जुन्याच नोकरीचा लॅपटॉप घेऊन मी पंधरा दिवस सोलापूरला जाऊन राहिले.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. एखादी गोष्ट कशी चालते ते बघत बसणं हा माझा धंदाच. तर मी घर बघत बसले. आण्णा पेपरशी मोठ्यानं भांडतात, हे नवीन होतं. आईचं कॅलेंडर मात्र तेच. बँक, लग्नं, गुडघ्याचा डॉक्टर, सगळं पाण्याच्या दुसऱ्या दिवशी. पाण्याच्या दिवशी ती उंबरा ओलांडते ती फक्त समोरच्या पद्मक्कांच्या दारापर्यंत. त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार येते, म्हणून आमचं भरलं की आमचाच पाईप गल्लीपलीकडे नेऊन त्यांचं पिंप भरून द्यायचं. ही रीत मी लहान असल्यापासूनची.

तिसऱ्या दिवशी पाणी आलं. मी मीटिंगमध्ये होते, पण आईला गुडघा धरून पाईप ओढताना बघितलं आणि हेडफोन कानात ठेवूनच तो तिच्याकडून घेतला. गल्लीपलीकडे नेऊन पिंपात सोडला तेव्हा पद्मक्का दारातच बसल्या होत्या.

"ध्यान ठेव पिंपाकडं," त्या म्हणाल्या. "तू पुण्याला गेलीस त्या दिवशी तुज्या आईनं हितंच पाईप लावला होता. पिंप भरलं, वाहिलं, गल्ली पार कोपऱ्यापर्यंत वली झाली. मी हाका मारायले, हिला पत्ता न्हाय. रिक्षा गेली तिकडंच बघत उभी."

भाजी धुतलेलं पाणीसुद्धा कुंडीत ओतणारी माझी आई! मला रडू आवरेना. हेडफोनमध्ये कुणीतरी माझं नाव घेऊन काहीतरी विचारत होतं, आणि गल्लीपलीकडून आई ओरडली, "अगं पाईप काड! वाहायलंय सगळं, ध्यान कुटं हाय तुजं?"

दुपारी मी तिला म्हटलं, "कधी बोलली नाहीस."

"त्यात काय सांगायचं? पिंपभर पाणी वाया घालवलं, ते सांगत फिरू?"

"मग, येऊ का मी कायमची?"

तिनं शेंगांची निम्मी रास माझ्यापुढं सारली. मग म्हणाली, "ये की. एकदा मला पाण्याच्या दिवशी कुटंतरी जाऊ दे."

हे "ये की" उगीच म्हटलेलं नव्हतं. मी ऑफर घेतली. ऑफिसचे दोन दिवस कोणते हवेत, असं कंपनीनं विचारलं तेव्हा मी लिहिलं, "कोणतेही, पाण्याचा दिवस सोडून." तो वार कोणता, असा सभ्य प्रश्न परत आला. त्याचं उत्तर आमच्या गल्लीत कुणापाशी नाही. आण्णा अजून कुरकुरतात. पण घर म्हणजे काय, असं मला आता विचारलंत तर एवढंच सांगेन: मी नसले तर जिथलं पिंप भरायला माणूस कमी पडतं, ते.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा ऑफिसला निघाले. पाणी आदल्या दिवशीच येऊन गेलं होतं. बघते तर आई नवी साडी नेसून माझ्याआधी रिक्षात बसलेली.

"अगं, परवा परत येतेय मी. दोन दिवसांसाठी स्टेशनवर कशाला?"

"चल गप," ती म्हणाली. "मागच्या वेळचं पोचवायचं ऱ्हायलंय."