हिरवा चुडा आणि माझा डावा हात

गेल्या आठवड्यात गंगापूर रोडला वैशालीकडे चुडा भरायला गेले होते. तिच्या लेकीचं लग्न. आमची मैत्री मुलं एका शाळेत होती तेव्हापासूनची, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच नव्हता. खरं तर प्रश्न होता... मीच तो स्वतःला विचारला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं उरकलंय. "झालं ना आता?" असं लोक विचारतात. काहीही झालेलं नाही. बोटांची टोकं अजून बधिर आहेत, ब्लाउजचा हूक लागत नाही. रोजच्या गोळीने हाडं ठणकतात, नाशिकच्या थंडीत घाम फुटतो.

आणि काखेतल्या गाठी काढल्यापासून डावा हात सुजतो. त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, साधा ओरखडासुद्धा नाही आणि घट्ट बांगडी तर अजिबात नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. सूज आवरायला दिवसभर त्यावर एक घट्ट बाही चढवलेली असते.

दारातच सुनंदा भेटली. ही आमच्या ग्रुपची पुढारी. माझ्या नुकत्याच आलेल्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "अय्या, किती क्यूट! पार्लरचा खर्च वाचला की गं तुझा." दुसरी म्हणाली, बारीक झालीस ते मात्र छान झालं. तिसरीने जावेच्या बहिणीची गोष्ट काढली, तिलाही हेच होतं म्हणे... आणि मध्येच थांबून पोह्यांकडे वळली. शेवट काय झाला ते विचारावं लागलं नाही.

मी हसले. आता सवय झालीय. यातली एकही वाईट नाही हो. वाईट असत्या तर एकेकीला तोंडावर सुनावलं असतं, जीभ काही केमोने गेलेली नाही माझी.

कासारणीने माझा उजवा हात भरला. डावा पुढे करायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हा नको.

"अगं, एकच हात भरून कसं चालेल?" सुनंदा म्हणाली. "लग्नघर आहे. सवाष्णीने अर्धा चुडा घालू नये. भाऊजींचा तरी विचार कर."

वैशालीने माझा खांदा धरला. "माझ्यासाठी भर गं. घरी जाऊन काढ हवं तर." लेक सासरी जाणार म्हणून तिचे डोळे सकाळपासून भरलेले होते. तिला नाही म्हणवेना.

सगळ्यांसमोर बाही काढली. तो फुगलेला हात बघून दोघीतिघींनी नजर वळवली. साबण लावून बांगड्या चढवल्या. दुखलं... पण मी तोंडातून ब्र काढला नाही.

संध्याकाळपर्यंत हात पावासारखा फुगला. बांगड्या मनगटात रुतल्या. तेल झालं, साबण झाला, प्लास्टिकची पिशवी घालून ओढून झालं. एकही हलेना. आता फोडण्याशिवाय इलाज नव्हता.

आपल्याकडे बांगडी फुटली असं बोलतसुद्धा नाहीत, वाढवली म्हणतात. बाईच्या बांगड्या फोडतात त्या केव्हा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी असलं काही मानत नाही. तरी यांनी पक्कड आणली तेव्हा हात मागे घेतला. म्हटलं, "अहो, तुम्ही नका. तुमच्या हाताने नको."

हे फार कमी बोलतात. सातपूरच्या कंपनीत मशीनच्या आवाजात आयुष्य गेलं, घरीही तीच सवय. बांगडीखाली कशीबशी चिंधी सरकवत म्हणाले, "तू माझ्या आयुष्याला भितेस होय? मी तुझ्या आयुष्याला भितोय गं. वर्ष झालं."

एकेक बांगडी फुटत गेली आणि मी ढसाढसा रडले. हातासाठी नाही. त्या खोलीत माझ्या इतक्या मैत्रिणी होत्या, आणि सगळ्यांना काळजी होती ती माझ्या नवऱ्याच्या आयुष्याची. माझ्या आयुष्याचं काय, हे एकीच्याही मनात आलं नाही. मग वाटलं, या मैत्रिणींनी मला मनातून आधीच वजा केलंय की काय...

एक काच लागलीच. दुसऱ्या दिवशी हात लालभडक, अंगात ताप. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा सलाइन. लग्नाला हे एकटेच गेले, आहेर देऊन लगेच परत आले.

तिथे सुनंदाने विचारलं म्हणे, "आली नाही का? चुडा भरायला तर आली होती." चारचौघी ऐकत होत्या. हे म्हणाले, "दवाखान्यात आहे. तुम्ही भरलेल्या बांगड्या मी फोडल्या."

फोडल्या म्हणाले. लग्नाच्या मांडवात, सगळ्यांसमोर.

हे मला त्यांनी कॉटशेजारी बसून, सफरचंद चिरता चिरता सांगितलं. ऐकून बरं वाटलं असं म्हणणार नाही. वैशालीचा फोन अजून आलेला नाही, हाताची सूज उतरलेली नाही, आणि पुढच्या तपासणीत काय निघेल या विचाराने घास गिळवत नाही. पण जे मला म्हणता आलं नाही, ते माझ्यासाठी कोणीतरी म्हणालं... सध्या माझ्याकडे तेवढंच आहे.