लोंबत्या तारेची खोली

ज्या ऑफिसात काम भराभर होतं तिथे किस्से साठत नाहीत, नुसत्या फायली साठतात. आमच्या खोलीत पावसाळाभर काही म्हणजे काही घडत नव्हतं. त्यामुळे किस्से भरपूर!

महायुद्धामुळे लोखंड मिळेना. खामगावच्या आमच्या जिनिंग-प्रेसिंग कंपनीत कापसाच्या गाठी बांधायच्या कशाने? पुण्याहून आणलेले लिमये साहेब म्हणाले, "जस्ताच्या मिश्रधातूची तार!" पण असली तार सततच्या ताणाने हळूहळू लांबते आणि गाठ सैल पडते. किती लांबते ते बघायला खोलीत एक तार टांगली, खाली वजन अडकवलं आणि आम्ही बघत बसलो. आम्ही म्हणजे साहेब, मी आणि जानेफळचा पुंजाजी शिपाई. मालक होते सोनाळ्याचे दादासाहेब. त्यांनी पोळ्यापर्यंतची मुदत देऊन बजावलं होतं, "पोयाच्या दुसऱ्या दिवशी येतो. निकाल नाई देल्ला तं खोलीले कुलूप!"

म्हणजे तिघंही घरी. साहेबांचा नियम एकच होता : वजन क्षणभरही काढायचं नाही.

*

एकदा प्रेसचा फोरमन डोकावला. "काय करून राह्यला बे?"

"तार लांबते का ते बघतो."

तो बिचारा बराच वेळ टक लावून उभा राहिला. "काई हालत नाई लेका!"

"महिन्यात केसभर हलते."

"मंग आमच्या पगारापक्षा जोरात हाय!" म्हणाला आणि गेला.

*

देऊळघाटचे एक गृहस्थ मुलीसाठी मला बघायला आले. काम काय, विचारलं. मी मोठ्या रुबाबात सगळं समजावलं. तार, ताण, वजन, सूक्ष्मदर्शक!

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "थे सारं ठीक हाय. पन पोटापान्याले काय करता?"

ती मुलगी पुढे एका कापूस दलालाला दिली. सुखात आहे म्हणे.

*

खोलीत शिंकायला बंदी होती. दार आपटलं तर साहेब तासभर बोलायचे. एक दिवस तारेच्या लांबीच्या आलेखाने अचानक उसळी मारली. "भूकंप!" साहेबांनी जाहीर केलं. नागपूरच्या वेधशाळेला पत्र लिहायला बसले.

मी नम्रपणे विचारलं, "साहेब, कपाळावर टेंगूळ कशाचं?"

पत्र राहिलं.

*

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी साहेब ओरडत बाहेर आले. जिथे तार पकडली होती त्या चिमट्यावर पिवळा, ओशट थर! "हा नवीनच गंज आहे! शास्त्राला अज्ञात!" त्यांनी तो खरवडून बाटलीत भरला, बाटली कोटाच्या खिशात ठेवली. मला वास घ्यायला दिली, तर लोण्याचा वास येत होता. पण अज्ञात गंजाला कसला वास येतो हे मला तरी कुठे ठाऊक!

*

पोळ्याला सुट्टी होती, पण साहेब संध्याकाळी नोंद घ्यायला एकटेच गेले. स्टुलावर पितळी ताटलीत दोन पुरणपोळ्या होत्या. "वऱ्हाडी माणूस प्रेमळ हो!" म्हणत त्यांनी दोन्ही संपवल्या. मग वळून तारेकडे बघितलं.

वजन खाली जमिनीवर!

सकाळी दादासाहेब आले तेव्हा साहेबांनी त्यांना दारातच गाठलं. "या पुंजाजीने सगळा प्रयोग मातीत घातला!" नोकरी गेली, हे मी धरूनच चाललो होतो.

"काऊन रे?" दादासाहेबांनी विचारलं.

पुंजाजी हात जोडून म्हणाला, "मालक, मिरगापासून वझं वाहून राह्यली बिचारी. बैलालेबी पोयाले सुट्टी असते. परवा तिचे खांदे मयले, हयद-लोनी लावलं. अन् काल मान मोकयी केली जी."

साहेबांनी खिशातली बाटली हळूच आत दाबली.

दादासाहेबांनी तारेवरून हात फिरवला. स्वतःचे शंभर बैल सजवून आलेला माणूस तो!

"लिमये," ते म्हणाले, "पोयाच्या दिवशी वझं राह्यलं असतं, तं म्याच कुलूप लावलं असतं. लावा पुन्हा नवी तार. दिवायीपर्यंत थांबतो."

दारापर्यंत गेलेले दादासाहेब एकदम थांबले.

"पन पुंजाजी, पुरनाची पोयी चारली का तिले?"

पुंजाजीने साहेबांकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"ठेवली व्हती जी तिच्यापुढं," तो म्हणाला. "पन थे साहेबानं खाल्ली!"