शीतलचं टेबल

आमच्या सावेडीतल्या बिल्डिंगमध्ये पाणी वेळेवर येत नाही, पण किस्से न चुकता येतात. जिन्यात दोघी थांबल्या की एक किस्सा, गच्चीत कुरडया घालायला चौघी बसल्या की तीन. मी शाळेत शिकवते, त्यामुळे एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायची सवय आहेच. हे सगळे किस्से मात्र एकाच घरातले, तिसऱ्या मजल्यावरच्या शीतलच्या.

शीतल पाथर्डीकडची. एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नवरा सागर एमआयडीसीत. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि कारखाना बंद झाला की गावाकडे परतताना दोन दिवस लेकीकडे थांबतात. आई आली की स्वयंपाकघरात शिरते, सगळ्यांना वाढते आणि शेवटी ओट्याखाली बसून उरलंसुरलं खाते. लेकीच्या घरातसुद्धा!

मागच्या दिवाळीनंतर एकदा शीतल गच्चीत म्हणाली, "ताई, औंदा आई आली की टेबलावर बसून जेवली पाहिजे. सगळ्यांबरोबर. पहिल्या पंगतीला."

"टेबल आहे ना तुझ्याकडे?" मी विचारलं.

"हाय की. पण त्याच्यावर मांडायला काय न्हाई. आन् सध्या तिथं इस्त्रीचे कपडे असतात."

इथून सगळं सुरू झालं.

*

शीतलकडे ताटं नव्हती असं नाही. लग्नात आलेली स्टीलची ढीगभर होती, पण एकासारखं दुसरं नाही. एक परातीएवढं, एक बशीएवढं. प्रत्येकावर नाव घातलेलं, कुणा मामाचं, कुणा आत्याचं. जेवायला बसलं की माणूस आधी ताट वाचायचा.

दुसऱ्या मजल्यावरची नीलिमा पुण्यात नोकरी करून आलेली. मोबाईलवर सजवलेल्या टेबलांचे व्हिडिओ बघून बघून ती त्यात एक्स्पर्ट झाली होती. ती म्हणाली, "हे बघ, आपण स्टार्टर कलेक्शन करू. सहा मोठी ताटं, सहा छोट्या प्लेट, वाट्या, ग्लास, दोन वाढायचे बाऊल. बास. आणि सगळं पांढरं. पांढरं कशाशीही जातं."

तळमजल्यावरच्या जोशीकाकू शेजारी वाती वळत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, माहेर-सासर दोन्हीकडे भिक्षुकी आणि मास्तरकी. त्या म्हणाल्या, "कशाशीही जातं खरं, पण हळद लागली की काही जात नाही."

नीलिमा हटली नाही. "आणि सहा दांडीचे ग्लास. एलिगंट दिसतात."

"त्यात काय प्यायचं?"

"मठ्ठा."

काकूंनी वात वळायची थांबवली. "आणि तळाला बसलेली कोथिंबीर काढायला हात कुणाचा घालायचा? मांजराचा?"

दांडीचे ग्लास यादीतून गेले.

*

ताटं घ्यायला शीतल आणि मी गेलो. बाजारातलं दुकान ओळखीचं, शीतलच्या लग्नातली निम्मी भांडी तिथलीच. शीतलने चिनी मातीची सहा पांढरी ताटं निवडली. एकेक उचलून उजेडात धरलं, टिचकी मारून आवाज ऐकला, माठ घेताना ऐकतात तसा. घासाघीस झाली, दुकानदार कागदात गुंडाळायला लागला.

तेवढ्यात ही म्हणाली, "थांबा थांबा, नाव घालायचं राह्यलं!"

दुकानदाराचा हात थांबला. "कशावर?"

"ताटावर. मशीन हाय ना तुमचं?"

त्याने ताटाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि अतिशय शांतपणे सांगितलं, "ताई, घालतो की. पण मग नाव राहील, ताट राहणार नाही."

मी हसत सुटले. शीतल मात्र गंभीर. रिक्षात बसल्यावरही तिचं एकच चाललं होतं, "मग कुणाकडं गेलं तर आपलं हाय ते कळणार कसं?" शेवटी घरी येऊन प्रत्येक ताटाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, तेव्हा तिला झोप लागली.

*

वाढायचे बाऊल नीलिमाने सेलमध्ये मिळवले. इतके पातळ आणि नाजूक की पलीकडचं बोट दिसावं. काकूंना फारच आवडले. त्या बाऊल हातात घेऊन गोल गोल फिरवत होत्या. माझे मिस्टर तिथे होते. विज्ञान शिकवतात, त्यामुळे गप्प बसणं त्यांना जमत नाही.

"बोन चायना आहे हो काकू. यात हाडं असतात."

काकूंनी बाऊल टेबलावर ठेवला. आयुष्यात अंडं घरात येऊ न दिलेली बाई! शीतलचा चेहरा पडला. नीलिमाने मिस्टरांकडे असं पाहिलं की ते पेपर शोधायला लागले.

काकूंनी बाऊलकडे बघत विचारलं, "हाडं म्हणजे कशी? अख्खी?"

"नाही, नाही. जाळून राख करतात. ती मातीत मिसळतात."

"राख होय!" काकूंनी बाऊल पुन्हा उचलला. "मग काय झालं? राखेनं तर आम्ही जन्मभर भांडी घासली."

*

वाट्यांचा किस्सा वेगळाच. सहा वाट्या आल्या त्या दिवशी शीतलने हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केले आणि कौतुकाने एक वाटी भरून काकूंकडे पाठवली. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आपला नियम. काकूंनी त्यात लिंबाचं लोणचं घालून दिलं. शीतल लोणचं काढून घेऊन थांबेल तर ना! तिने ती वाटी तशीच पुढे माझ्याकडे पाठवली, "ताई, चव बघा." मी तीत साबुदाण्याची खिचडी घातली आणि नीलिमाकडे दिली. तिने काकूंकडे कसलंसं सॅलड पाठवलं.

आठवडाभराने नीलिमाने टेबल मांडून फोटो काढायचं ठरवलं. वाट्या मोजल्या तर पाच.

शीतल काकूंच्या दारात गेली. "काकू, वाटी द्या की."

"देते गं. रिकामी कशी देऊ? कुकर होऊ दे."

"काकू, फोटो काढायचाय!"

"मग फोटोत भात दिसेल. बिघडलं काय?"

नीलिमा कपाळाला हात लावून म्हणाली, "सहाचा सेट कधी दिसणारच नाही आपल्याला. एक कायम फिरतीवर!"

*

एप्रिल संपत आला. कारखाना बंद झाल्याचा आईचा फोन आला. शीतलने फोनवरच सांगून टाकलं, "आई, या खेपेला टेबलावर बसायचं."

स्पीकरवर आई म्हणाली, "आगं, खुर्चीवर बसून मला घास उतरत न्हाई. पाय लोंबत्यात. आन् जावयाच्या म्होरं बसून जेवू व्हय? लोक काय म्हनतील?"

"कोण लोक? घरात आमीच हाय!"

"मी बघती," आई म्हणाली. आईचं 'बघती' म्हणजे नाही, हे शीतलला लहानपणापासून माहीत होतं. तिने फोन ठेवला आणि ओढणीने डोळे पुसले. एवढं सगळं जमवलं आणि आई ओट्याखालीच बसली तर, याची तिला खरोखर भीती वाटत होती. आम्हालाही वाटायला लागली.

म्हणून आदल्या रविवारी रंगीत तालीम घेतली. नॅपकिनच्या घड्या घालून पंखे झाले. मग ग्लासावरून जुंपली. नीलिमा म्हणे ग्लास उजवीकडे, सगळ्या जगात उजवीकडेच असतो. काकू म्हणाल्या डावीकडे.

"काकू, रूल आहे तो!"

"असेल. सागर, बस रे. वरणभात कालव आणि पाणी पी."

सागर बिचारा बसला. भात कालवला, एक घास खाल्ला आणि उजवीकडे बघून थांबला. उजवा हात कोपरापर्यंत नाही म्हटलं तरी मनगटापर्यंत वरणाचा. डावा हात ताटावरून पलीकडे नेला तर बाहीने वरणाची वाटी लवंडली. पांढरा टेबलक्लॉथ पिवळा.

काकूंनी ग्लास उचलून डावीकडे ठेवला. "ज्यांनी रूल केला ते हातानं जेवत नसतील. त्यांची चूक नाही."

*

आणि तो दिवस आला.

आमरस, पोळ्या, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कुरडया. सहा ताटं मांडलेली. शीतलची आई, वडील म्हणजे आबा, सागर, काकू, नीलिमा आणि मी. आबा लगेच खुर्चीत बसले. आई दारात पदर सावरत उभी. सागर खुर्चीमागे उभा राहून म्हणाला, "आई, तुम्ही बसल्याशिवाय मी बसणार नाही."

मग ती बसली. खुर्चीच्या अगदी कडेला. ताटाला बोट लावून पाहिलं, नॅपकिनचा पंखा हळूच बाजूला सरकवला. शीतल गॅसपाशी उभी राहून गरम पोळ्या करून वाढत होती. तिचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. आम्ही सगळ्यांनी जेवायला सुरुवात केली.

आईने केली नाही.

"जेव की आई," शीतल म्हणाली.

"तुजं ताट कुटं हाय?"

"माझं मागून. तुमी जेवा निवांत, मी गरम वाढते."

आईने मान हलवली. मग उठली, दोन्ही हातांनी ताट उचललं आणि ओट्यापाशी नेऊन शीतलच्या शेजारी ठेवलं. गॅस बंद केला. पोळीचा तुकडा रसात बुडवून आधी शीतलच्या तोंडात घातला, मग स्वतः खाल्ला. दोघी एका ताटात उभ्यानेच जेवायला लागल्या.

काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आपलं ताट घेऊन ओट्याकडे निघाल्या. मग मी. मग नीलिमा, मग सागर. एवढ्याशा स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही, एकीची कोपरं दुसरीला. बाहेर टेबलावर नॅपकिनचे पंखे, फुलं आणि एकटे आबा.

थोड्या वेळाने आबांचा आवाज आला. "आगं, मला रस वाढा की कुनीतरी!"

शीतल सवयीने निघाली. आईने तिचं मनगट धरलं आणि मागे वळून न बघता म्हणाली, "फुडंच हाय. घ्या हातानं."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आबा रसाचा बाऊल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आमच्या सगळ्यांकडे बघितलं, पळी उचलली आणि बायकोला म्हणाले, "तुला वाडू का गं?"

आईने वाटी पुढे केली.

"इचारताय काय? वाडा की!"