विंगेतून दिलेला शब्द

रंगमंचाच्या उजव्या विंगेत, पडद्याच्या घडीला लागून एक स्टूल असे. आणि मांडीवर संहिता उघडून त्या स्टुलावर बावीस वर्षे एकच गृहस्थ बसत आले. नाटक कंपनीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. नटाची जीभ अडखळली की पुढचे वाक्य त्याला ऐकू जाईल, परंतु पहिल्या रांगेला जाणार नाही, अशा सुरात पुरवायचे, हे त्यांचे काम. त्याला आवाजाहून विवेक अधिक लागतो. नट विसरून थांबला आहे की अर्थ गडद व्हावा म्हणून थांबला आहे, हे एका श्वासात ओळखावे लागते. विसरलेल्याला शब्द न देणे हा प्रमाद. जाणून थांबलेल्याला शब्द देणे हा त्याहून मोठा, कारण त्याचे मौनच हिरावून घेतले जाते. हा दुसरा प्रमाद मास्तरांच्या हातून कधी घडला नव्हता.

कंपनीची नायिका सहा वर्षे त्यांच्या विश्वासावर रंगमंचावर उभी राहिली. दुपारच्या तालमी आटोपल्यावर दोघे रिकाम्या प्रेक्षागृहात मागच्या खुर्च्यांवर बसून पाठांतर करीत, आणि पाठांतर संपले तरी उठत नसत. रंगभूषा करणारे काका तिच्या कपाळाला रंग लावता लावता विचारीत, "काय गं, कधी उरकताय? माझा हात थरथरायला लागायच्या आत उरका म्हणजे झालं. नवरीचा रंग मलाच लावायचाय."

"त्याला विचारा, काका," ती म्हणे. "जगाची वाक्यं पाठ आहेत, स्वतःचं एक सुचेल तर शपथ!"

पुढे तिला चित्रपट मिळाला, आणि पहिल्याच चित्रपटानंतर लोकांनी तिला डोक्यावर घेतले. चौकाचौकांत तिचा चेहरा दोन मजल्यांएवढा झाला. भेटी आठवड्यावरून महिन्यावर गेल्या. मास्तरांनी तक्रार केली नाही. मात्र तिच्या मोटारीतून उतरण्यापूर्वी ते रस्त्याची दोन्ही टोके न्याहाळू लागले, आणि ते तिच्या नजरेतून सुटले नाही. एकदा निर्मात्याने त्यांना एकट्याला गाठले. "राग मानू नका मास्तर. लोकांना ती एकटी हवी आहे. तुमचं नाव पुढं आलं की पुढचे दोन चित्रपट आपटलेच म्हणून समजा." मास्तर मान हलवून परतले आणि हे तिच्यापाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या चित्रपटाच्या निमित्ताने एका हॉटेलच्या दालनात वार्ताहर जमले, तेव्हा तिने मास्तरांना आग्रहाने सोबत नेले. "तू नुसता जवळ उभा राहा. मला धीर येतो." ती टेबलामागे बसली, मास्तर तिच्या उजव्या हाताला भिंतीशी उभे राहिले. बरीच प्रश्नोत्तरे झाली. मग एकाने विचारले, "आपल्या आयुष्यात कोणी आहे का?"

ती थांबली. मान वळवून तिने मास्तरांकडे पाहिले. ओठ किंचित विलग झालेले. बावीस वर्षांची सवय आणि निर्मात्याच्या बोलण्याचे ओझे यांमुळे मास्तरांच्या तोंडून शब्द गेला: "नाही."

तो तिला एकटीलाच ऐकू गेला. ती क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली, मग वार्ताहरांकडे वळून स्वच्छ आवाजात म्हणाली, "नाही. कोणी नाही."

परतताना मोटारीत मास्तर पुटपुटले, "मला वाटलं, तू अडकलीस."

"सहा वर्षांत माझं थांबणं ओळखायला तू एकदाही चुकला नव्हतास. 'आहे' म्हणणार होते मी. त्याआधी फक्त तुला बघत होते."

"मग म्हणायचंस ना!"

"कशी म्हणू? ज्याच्यासाठी म्हणायचं, तोच नाही म्हणाला."

तेव्हा मास्तरांनी निर्मात्याची हकीकत सांगितली. त्यामुळे गोष्ट सावरण्याऐवजी अधिकच बिघडली. "म्हणजे माझ्या जन्माचा निकाल तुम्ही दोघांनी लावलात," ती म्हणाली, "आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी ते उत्तर सर्व वर्तमानपत्रांत छापून आले. तिने ते मागे घेतले नाही. मागे घे, असे म्हणण्याचा धीर मास्तरांना झाला नाही. वर्षभरात भेटी थांबल्या.

"डोक्यात हवा गेली तिच्या," मास्तरांची थोरली बहीण म्हणाली. "माझ्या भोळ्या भावाला वाऱ्यावर सोडलं."

"असं बोलू नकोस, ताई. ती सांगायला निघाली होती. मी अडवलं."

"तू कशाला अडवशील, वेड्या?"

"माझं नाव तिला जड होईल, असं वाटलं मला. होईल की नाही, ते तिला विचारलं नाही."

पुढेही कोणी सहानुभूतीने विषय काढला, की ते हीच हकीकत सांगत. स्वतःचा दोष तसूभरही न वगळता. ऐकणाऱ्यांना ती पटत नसे. मास्तर अजून तिचीच बाजू घेतात, असे ते म्हणत. मग मास्तर खुर्ची जवळ ओढून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागत.