पाठीवरचं पाणी

लग्न होऊन मी यवतला आले, तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून म्हणून माझं थोडं कौतुक झालं. पण त्या इंग्रजीचं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेला दुभाषी हवी झाली. काही देशांनी मिळून दुष्काळावर लक्ष ठेवायचं काम हाती घेतलं होतं. पूर्व आफ्रिकेतले, ऑस्ट्रेलियातले आणि आपल्याकडचे अभ्यासक उपग्रहाची चित्रं एकमेकांना देणार, आणि चित्रात दिसतं ते जमिनीवर खरं आहे का, हे एकमेकांच्या देशांतल्या काही गावांत जाऊन पाहणार. आमच्या बाजूला शिरूर तालुक्यातलं केंदूर निवडलं होतं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "दिवस मावळायच्या आत येशील ना?" मी हो म्हटलं आणि जीपमध्ये बसले.

जीपमध्ये आफ्रिकेतून आलेल्या शास्त्रज्ञ बाई होत्या. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, उंच, केस अगदी बारीक कापलेले. त्यांनी मांडीवर नकाशा पसरला. वाळलेला भाग तांबडा, ओलावा असलेला हिरवा. यवतवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "तुमचं घर हिरव्यात आहे."

होतंच. आमच्याकडे कालवा, कालव्यावर ऊस. भीमा ओलांडून शिरूरच्या बाजूला गेलं की तांबडं सुरू व्हायचं. इतक्या जवळची माणसं पाण्यासाठी वणवण करतात हे मी पेपरात वाचलं होतं. पण आपल्या घराला लागून तो तांबडा रंग पाहिला आणि मी उगाचच पदर सारखा करत बसले.

केंदूरला देवळापुढं बरीच माणसं जमली होती. जीप बघून त्यांना वाटलं, पाण्याचं काहीतरी काम झालं. एका आजोबांनी बसल्या जागेवरून विचारलं, "मॅडम, टँकर कवा चालू करताय?"

मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी उत्तर दिलं, "टँकर आमच्या हातात नाही. आम्ही पाहणीला आलोय. इथली माहिती तुमच्या सरकारला मिळेल, दुसऱ्या देशांनाही मिळेल. पुढच्या वेळी दुष्काळ लवकर ओळखता यावा म्हणून."

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

"म्हंजी निस्तं बघायला आलाय व्हय?" आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते उठले, धोतर झटकलं आणि निघाले. मागोमाग सगळेच पांगले. बाईंनी नकाशाची घडी घातली. आता काय करायचं, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात त्याच आजोबांची सून हंडा-कळशी घेऊन समोर आली. तिशीची असेल, अंगानं काटक. म्हणाली, "आबा म्हनत्यात ते खोटं न्हाई. पन बघायलाच आलाय तर चला माझ्यासंगं. नीट तरी बघा."

आम्ही तिच्यामागं चालू लागलो. गावातली विहीर आटली होती. एका शेतकऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीला अजून पाणी होतं आणि त्यानं सगळ्यांना भरू दिलं होतं. वाट उताराची, दोन्ही बाजूला करपलेली ज्वारी, हिरवी दिसत होती ती फक्त वेडी बाभूळ. विहिरीवर सात-आठ बायका होत्या. सुनेनं हंडा भरला तशा बाई पुढं झाल्या. "मी नेते."

"ह्यांना म्हनावं, सांडंल," एकजण म्हणाली.

मी सांगितलं, पण बाईंनी चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा चढवला आणि चार पावलांतच त्यांचा शर्ट खांद्यापर्यंत भिजला. बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "आगं बया, पानी वाया गेलं की!" सून म्हणाली, पण तीही हसतच होती.

बाई जराही खट्टू झाल्या नाहीत. कडेला तेलाचा एक रिकामा प्लॅस्टिकचा कॅन पडला होता. तो त्यांनी धुऊन भरून घेतला आणि एक जुनं लुगडं मागितलं. त्याचा लांब पट्टा करून कॅनच्या कानात ओवला, कॅन पाठीवर घेतला, पट्टा कपाळावर अडकवला आणि वाकून तरातरा चढण चढू लागल्या. बायका बघतच राहिल्या. वर पोचल्यावर बाईंनी श्वास घेतला आणि मला म्हणाल्या, "सांगा त्यांना, आमच्याकडं असं आणतात. शाळेला जायच्या आधी मी रोज आणायचे."

त्यानंतर मला बोलायला उसंत मिळाली नाही. बायका एकदम विचारू लागल्या. तिकडं विहीर किती लांब? सासू भांडते का? जनावरं कुठली पाळता? सुनेनं तो कॅन स्वतःच्या पाठीवर घेऊन बघितला. "मान हलकी वाटती," ती म्हणाली, "पन कपाळ जातंय की ओ!" तिच्या ओट्यावर बसून आम्ही कोरा चहा प्यालो. तिची थोरली मुलगी नववीत होती. पाणी आणि शेळ्या, दोन्ही बघायला माणूस पुरत नाही म्हणून दिवाळीपासून घरी बसली होती. बाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "आमच्या पाहणीत पीक आहे, चारा आहे, विहिरीची पातळी आहे. पाणी कोण आणतं आणि त्यापायी काय सुटतं, हे नाही. ते घ्यायला हवं." तसं त्यांनी घ्यायला लावलं. मीच मग वर्षभर महिन्यातून एकदा केंदूरला जाऊन ते विचारत राहिले, आणि दुसऱ्या देशांतही तेच प्रश्न विचारले जाऊ लागले.

वर्ष संपता संपता पुण्यात सगळ्या देशांच्या अभ्यासकांची बैठक झाली. बाईंच्या आग्रहानं केंदूरच्या सुनेलाही बोलावलं. आबांनी सासरेपणा न करता तिला पाठवलं, स्वतः एस.टी.त बसवून दिलं म्हणे. ती इस्त्रीची साडी नेसून आली होती. माईक पुढं आला आणि ती गप्प झाली. मी हळूच म्हटलं, "विहिरीचं सांगा." तिनं मान हलवली, पण ओठ उघडेनात. समोर ओळीनं बसलेले सगळे वाट बघत होते.

बाई आपल्या जागेवरून उठल्या आणि तिच्या शेजारी येऊन बसल्या. "आधी मी सांगते," म्हणाल्या. त्या लहान असताना त्यांच्याकडं मोठा दुष्काळ पडला होता. वडिलांची गुरं एकेक करून बसली ती उठली नाहीत. मदतीचा ट्रक आला तेव्हा पाऊस पडून चिखल झाला होता आणि ट्रक त्यातच रुतला. मी वाक्यावाक्यानं सुनेला मराठीत सांगत होते.

सुनेनं माईककडं न बघता विचारलं, "मग तुमच्या वडलांनी काय केलं ओ?"

"शहरात राखणदार झाले. पुन्हा गुरं घेतली नाहीत. घरी आले तरी गोठ्याकडं जायचे नाहीत."

"आमच्या आबांचं बी तसंच," सून म्हणाली. "आमी मूळचं मेंढरावालं. कोकनापातूर जायाचं कळप घिऊन. अशाच एका वर्साला सगळी मेंढरं इकली आन् शेतीला लागलं. अजून रस्त्यानं कळप चालला की आबा आत जाऊन बसत्यात. आमी कुनी इचारत न्हाई."

"माझी आईही विचारायची नाही," बाई म्हणाल्या.

मग त्या दोघी बोलतच राहिल्या आणि मी मध्ये बसून इकडचं तिकडं करत राहिले. विहीर आली, शाळा सुटलेली मुलगी आली, सगळं आलं. वेळ संपल्याची घंटा वाजवायला बसलेले गृहस्थ हात घंटेवर ठेवून ऐकत होते.  कुणी घाई केली नाही.

पुढच्या पावसाळ्यात बरं पिकलं. त्यानंतर पुन्हा एक वर्ष कोरडं आलं, तेव्हा केंदूरला होळीच्या आतच टँकर सुरू झाला. त्यात आमच्या पाहणीचा वाटा किती, हे मला सांगता येणार नाही. तालुक्याला खेपा घालणारी माणसंही गावात होती. मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली आणि एक वर्ष मागं पडून दहावी झाली. बाईंची ई-मेल अधूनमधून यायची. त्यांच्याकडच्या गावांत शाळांजवळ पाण्याच्या टाक्या बसवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी लिहिलं, "केंदूरला कळवा." मी जाऊन सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडं औंदा पाऊस कसा हाय?"

खूप दिवसांनी ती सून मला सणसवाडीत भेटली. लेक तिथंच एका कारखान्यात सुपरवायझर होती आणि दोघी खोली घेऊन राहत होत्या. शेजारच्या बिहारच्या बायकांशी ती झकास मोडकं हिंदी बोलत होती. "आता मला बी दुभाषी म्हना," ती मला म्हणाली, आणि चहाला आत घेऊन गेली.