केसभर सरकलेला रंग

छापखान्यातले किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. चहा पिता पिता सांगितले जातात आणि साठतात. आता माझ्यासोबत चहाला कोणी नसतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

भाईंदर पूर्वेला आमचा छोटा ऑफसेट प्रेस होता. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मशीन एकरंगी, त्यामुळे रंगीत चित्राचा कागद चार वेळा मशीनमधून जायचा. पिवळा, लाल, निळा, काळा. एखादा रंग केसभर जरी सरकला, तरी आम्ही म्हणायचो, रजिस्टर आउट. मशीनमन होते कांबळेमामा, परभणीकडचे. मी रत्नागिरीचा, त्यांच्या हाताखाली.

*

एकदा साडीवाल्याचं कॅलेंडर होतं. लाल रंग चांगलाच सरकला आणि चित्रातल्या बाईची लिपस्टिक हनुवटीवर आली. साडीवाल्याने कॅलेंडर उजेडात धरलं. मग हळूच म्हणाला, "साडी तो ठीक है. बाई को क्या हुआ?"

सगळा गठ्ठा रद्दीत गेला. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

*

कारण मामांनीच शोधलं. खाडीच्या दमट हवेने कागद फुगायचा. सकाळी पिवळा छापलेला कागद दुपारी किंचित मोठा झालेला असायचा, मग लाल जागेवर बसणार कसा? तेव्हापासून नवा कागद दोन दिवस मशीनशेजारी ठेवायचा आणि दोन रंगांच्या मधे प्लास्टिकने झाकायचा, असा त्यांनी नियमच केला.

प्रेसचे मालक, शेठ, घाई करायचे. मामा म्हणायचे, "पाव्हणा आलाय शेठ. आधी टेकू द्या, मग कामाला लावा."

*

मामांची बायको-मुलं गावाला. हे इथे खारी गावात एका खोलीत राहायचे. एका सुट्टीच्या दिवशी मी विसरलेला डबा न्यायला प्रेसवर गेलो, तर मामा बंद मशीनसमोर स्टूलवर बसलेले.

"मामा, आज कशाला आलात?"

"खोलीवर कोण बोलतंय माझ्याशी?"

"इथे तरी कोण आहे?"

"इथं एकटं बोललं तरी येड्यासारखं वाटत न्हाई."

मीही स्टूल ओढून बसलो. पेणकरपाड्याच्या माझ्या खोलीवर तरी कोण वाट बघत होतं?

*

पुढे शेठनी चाररंगी मशीन आणलं. एका फेरीत चारही रंग, जागच्या जागी. मामा भिंग घेऊन शेजारी उभे राहायचे. मधूनच एक कागद काढून बघायचे आणि म्हणायचे, "बरोबर हाय." विचारलेलं कोणीच नसायचं.

महिन्याभरात ते गावी निघून गेले. जाताना भिंग माझ्या हातात ठेवलं. "बरोबर असलं तरी बघत जा."

*

त्यानंतर समुद्राकाठच्या तारोडी गावातली एक बाई आली. तिचा नवरा होडी घेऊन समुद्रात गेला तो परतलाच नव्हता. वर्ष झालं म्हणून चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेसाठी तिला त्याच्या फोटोचं रंगीत कार्ड हवं होतं. मी जीव लावून छापलं. चेहरा अगदी स्वच्छ आला.

तिने कार्डं पिशवीत भरली. मग टेबलाखालच्या रद्दीतून, मशीन जुळवताना काढलेला चाचणीचा एक कागद उचलला. त्यात रंग सरकले होते, चेहऱ्याला दोन-दोन कडा होत्या.

"ताई, तो खराब आहे. फेकायचाय."

तिने तो कागद पदराने पुसला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ह्यात तो हलतोय."