खूण बघायला ये

देवाप्पा टर्नर कुणावर विश्वास ठेवायचा नाही. खानापूरकडून बेंगळुरात कारखान्यात लेथवर कामाला आला, राजाजीनगरात खोली केली, तरी दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय भांडं पुढं करत नसे. दूधवाला कुरकुरायचा, "स्वल्प तरी विश्वास ठेवा अण्णा." देवाप्पा म्हणायचा, "ठेवला की पाणी वाढतंय."

मला हा माणूस आवडायचा. कामगारानं संशयीच असावं, हे माझं मत आजही बदललेलं नाही.

साहेबांनी टाकलेल्या रॅकेटनं तो गोदामाच्या भिंतीवर टेनिस शिकला. कारखान्याच्या संघात तोवर सगळे साहेबच. एकसष्ट साली आम्ही युनियनवाल्यांनी भांडून एक जागा खुली करून घेतली. मद्रासच्या स्पर्धेला जाणारा शेवटचा खेळाडू सामना खेळवून निवडायचा. समोर डिझाइन खात्याचे उमाकांत साहेब, पुण्याचे, चाळिशी ओलांडलेले. देवाप्पा हरला की वरचे म्हणायला मोकळे, "संधी दिली होती की." दार पुन्हा बंद.

पंच नव्हता. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते ज्याचं त्यानं सांगायचं. पहिला सेट देवाप्पानं मारला. दुसऱ्यात साहेबांनी सूर लावला. चेंडू रेषेजवळ पडला की म्हणायचे, "बाहेर. पटत नसेल तर ये, खूण बघ."

लाल मातीत चेंडूचा ठसा उमटतो. देवाप्पा जाळ्याला वळसा घालून जायचा, वाकायचा, माती चाचपायचा. खूण खरंच बाहेर असायची. तरी परतताना त्याचं तोंड जास्तच आंबट. लबाडी सापडत नव्हती, तेच त्याला खात होतं. मलाही वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. तेवढ्यात सेट गेला.

बाजू बदलताना त्याची बायको गंगव्वा तांब्या घेऊन आली. तालमीतल्या घरची पोरगी ती.

"तिथं वाकून काय बघतासा?"

"खूण. माणूस लबाड हाय."

"हाय की. पर खुणंत न्हाई. त्येच्या छातीकडं बघा. तुम्ही वाकला की त्यो दम खातोय. आमच्या अप्पापुढचा पैलवान दमला की असाच माती चोळत बसायचा."

"साएब हाय त्यो, पैलवान न्हवं."

"मग साएबाला दम लागत न्हाई व्हय?"

देवाप्पा पाणी प्यायचं विसरला. पलीकडं साहेब गुडघ्यांवर हात टेकून उभे होते.

तिसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच त्याचा एक सणसणीत फटका रेषेवर धूळ उडवून गेला. आम्हाला तो आत दिसला.

"बाहेर," साहेब म्हणाले. "ये, बघ."

"नको. तुम्ही म्हणता तर बाहेर."

आणि तो सर्व्हिसला उभासुद्धा राहिला. साहेब अजून वळतच होते. पॉइंट गेला म्हणून मी शिवी हासडली, पण देवाप्पाला घाई होती. प्रत्येक वादाचा चेंडू तो देऊन टाकायचा आणि लगेच पुढचा मारायचा, एक डावीकडं, एक उजवीकडं. साहेब बोलवत राहिले, हा गेला नाही. हळूहळू त्यांचे पाय चेंडूपाशी पोचेनात. शेवटचा चेंडू तर त्यांनी नुसता जाताना पाहिला.

जाळ्यापाशी हात मिळवताना ते धापा टाकत म्हणाले, "काय देवाप्पा, शेवटी बसला विश्वास?"

"न्हाई साएब," देवाप्पा म्हणाला. "म्हणून तर आलो न्हाई."